निळी पेज

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, एक तपकिरी बाटली असे. तिचे बूच उघडले की आधी बडीशेपेचा वास येई, मागोमाग संत्र्याच्या गोळीचा, आणि सर्वांत शेवटी, जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा, भिजून कुजलेल्या लाकडासारखा एक वास. बाटली माझ्या वहिनीसाठी होती. दुपारी आणि रात्री, जेवणे आटोपली की आत्या ती फळीवरून काढी, चमचा भरी आणि वहिनीच्या घशाखाली औषध उतरेपर्यंत समोरून हलत नसे. घरात त्या औषधाला 'पाचक' म्हणत. मी त्या बाटलीचा मनापासून द्वेष करीत असे, आणि इतक्या वर्षांनंतरही तो द्वेष मागे घेण्याचे मला काही कारण दिसत नाही.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षे होती ती. रत्नागिरीत अजून रेल्वे आली नव्हती. माझा भाऊ मुंबईत एका कारखान्यात नोकरीला होता आणि गणपतीला व शिमग्याला तेवढा एस्टीने घरी येई. वडील कोर्टात कारकून. घरामागच्या जांभ्या दगडाच्या उतारावर हापूसची थोडी कलमे होती. घरात आई, वडील, मी, वहिनी आणि वडिलांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. आत्याला तिच्या सासरच्यांनी तरुणपणीच परत पाठवले होते. का, ते आमच्या घरात कोणी बोलत नसे. ती कपाळावर आठी घालून आली आणि ती आठी तिने मग कधी पुसली नाही, एवढेच मला आईकडून कळले होते.

वहिनी पालीच्या पुढल्या एका गावातली, शेतकऱ्याच्या घरची. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत तिने गौरीपुढे म्हटलेली गाणी मला आजही आठवतात. तिचा आवाज ओल्या मातीच्या घड्यावर बोटाने टिचकी मारावी तसा होता, भरीव आणि थोडा गार. मी तेव्हा शाळेत होते आणि आजोबांनी मला अक्षरओळखीच्या आधीच लघुगुरू मोजायला शिकवल्यामुळे सगळ्या जगाकडे मात्रांच्या हिशेबाने पाहत असे. वहिनी उखळात कांडत असली की मुसळाच्या ठेक्यावर मी बोटांच्या पेरांवर वृत्त मोजी. तिचे चुकत नसे.

पुढे दोनेक वर्षांत तो ठेका मंदावला. कोणाच्या लक्षात येणार नाही इतका हळू. आधी आवाज गेला. गेला म्हणजे राहिला, पण खरखरीत, आतून गोणपाट लावल्यासारखा. मग चेहरा सुजला. पापण्या जड झाल्या, भुवयांची बाहेरची टोके विरळ होत होत दिसेनाशी झाली. तळहातांना पिवळट छटा आली आणि कातडी भाताच्या तुसासारखी रुक्ष झाली. माघातल्या दुपारी, अंगणातला दगड पायाला चटके देत असताना, वहिनी पडवीत गोधडी पांघरून झोपलेली असे. तिला थंडी वाजे. आणि झोप तर अशी, की जणू कोणी तिला विहिरीत सोडले आहे आणि वर ओढायला रहाट नाही.

"काय गो, उठलीस?" आत्या म्हणे. "आम्हाला वाटलं, आता भात पेरायलाच उठतेस."

वहिनी हळूच उठून बसे, गोधडीची घडी घाली, आणि घडी घालता घालताच तिला दम लागे.

आत्याचे निदान पक्के होते: अन्न पचत नाही, म्हणून अंगात साचते, म्हणून अंग फुगते आणि जड अंगाला आळस येतो. बाजारातल्या औषधांच्या दुकानदाराने या निदानावर मान डोलावली आणि ती बाटली दिली. आत्या मटण शिजवण्याआधी त्याला कच्ची पपई चोळून ठेवी. ती म्हणे, "पपई लावली की म्हातारा बोकडसुद्धा लोण्यासारखा होतो. या बाटलीत तेच आहे, दुकानदाराने सांगितलं. हिच्या पोटात काय बोकडाहून चिवट काही आहे?" जेवायलाही वहिनीला फक्त पेज मिळू लागली, उकड्या तांदळाची, पातळ, वर मिठाचा खडा. सगळ्यांत कमी खाणारी बाई घरात सगळ्यांत फुगत होती, आणि या विसंगतीकडे पाहायला कोणी तयार नव्हते.

त्या माघात एका सकाळी मी वहिनीसोबत कलमांत उभी होते. मोहोर असा फुटला होता की पाने दिसत नव्हती. हवेत तो उग्र, मधासारखा, थोडा कडू वास इतका दाट होता की तो श्वासाबरोबर गिळावा लागे. वहिनीने एक तुरा नाकाजवळ धरला, पुन्हा धरला, आणि म्हणाली, "वन्सं, यंदा मोहोराला वास नाय."

मी तिच्याकडे पाहिले. ती थट्टा करीत नव्हती. त्या क्षणी मी घाबरले. सूज आणि आळस यांचे अर्थ लावता येतात, पण मोहोराचा वास न येणाऱ्या रत्नागिरीच्या सुनेचा अर्थ मला लागेना.

त्याच आठवड्यात घरात ठरले. ठरवले आत्याने, मान हलवली वडिलांनी, आणि आई चुलीकडे तोंड करून बसली. शिमग्याला दादा आला की त्याने वहिनीला माहेरी नेऊन सोडायचे. "बरी होईपर्यंत," असे म्हणायचे ठरले. बरी होईपर्यंत या शब्दांचा अर्थ आमच्या घरात सर्वांनाच ठाऊक होता, कारण आत्यालाही एकदा असेच काहीतरी म्हणून पाठवले गेले होते.

मी बारावी शास्त्राला होते. शास्त्र वडिलांच्या इच्छेने, कविता माझ्या. त्यानंतर एके दिवशी जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात लाळेचा प्रयोग होता. आपापल्या परीक्षानळीत थुंकायचे म्हणताना मुली ओढण्यांत तोंड लपवून हसत होत्या. पिठाच्या पातळ पाण्यात लाळ मिसळायची, नळी कोमट पाण्यात ठेवायची, थोड्या वेळाने आयोडीनचा थेंब टाकायचा. जिथे लाळ नाही, तिथे थेंब पडताच पाणी गडद निळे होई, जांभळाच्या रसाने ओठ माखावेत तसे. जिथे लाळ होती, तिथे निळा रंग उमटतच नसे. लाळेने पिठाची साखर करून टाकलेली असे.

आमच्या बाई पुस्तकातली वाक्ये फळ्यावर लिहीत नसत. त्या म्हणाल्या, "हे विकर. इंग्रजीत एन्झाइम. पपई मटणाला लावता ना? तेच. जिथे पडतं तिथेच काम करतं. त्याचं एकच काम ठरलेलं; लाळेतलं विकर पिठाला हात लावील, मटणाला लावणार नाही. आणि काम करून ते स्वतः खर्ची पडत नाही. एक कण सोडला की दुसरा धरतं."

मग त्यांनी खडू खाली ठेवला. "आता संप्रेरक. हार्मोन. त्याची चाल वेगळी. ते स्वतः काही तोडत नाही, जोडत नाही. ते फक्त सांगतं. ग्रंथीतून निघतं, थेट रक्तात पडतं आणि दूर कुठेतरी जाऊन काम सुरू करायला सांगतं. नगरपालिकेचा भोंगा एका जागी वाजतो, ऐकू सगळ्या गावाला जातो, पण उठून कामाला लागतो तो ज्याची वेळ झाली आहे तोच. इतकंसं पुरतं. आणि निरोप पोचला की शरीर ते मोडून टाकतं. उद्याचं संप्रेरक उद्या नव्याने तयार व्हावं लागतं."

"बाई," मी विचारले, "आणि भोंगा वाजलाच नाही तर?"

"कुठला भोंगा, त्यावर आहे," त्या म्हणाल्या, आणि उदाहरण म्हणून गळ्यातल्या ग्रंथीचे सांगू लागल्या. श्वासनळीला बिलगून बसलेली, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी. तिचा निरोप थांबला की सगळ्या शरीराची गती उतरते. थंडी वाजते. आवाज घोगरा होतो. चेहरा सुजतो, भुवया झडतात, झोप सरत नाही, चवी आणि वास पुसट होतात. कितीही कमी खाल्ले तरी अंग जड होते, कारण जाळ मंद आहे.

कवितेत अचानक आपल्या ओळखीचा चेहरा दिसावा तसे मला झाले. "हे संप्रेरक बनतं कशाचं?" मी विचारले.

"विकरं बहुतेक सगळी प्रथिनंच असतात. संप्रेरकांचं कूळ एक नाही. गळ्यातल्या या संप्रेरकात तर आयोडीन असतं." त्यांनी माझ्या समोरच्या तांबूस बाटलीकडे बोट केले. "हेच."

मी घरी पळत गेले असे लिहिणे खोटे ठरेल. मी चालत गेले, आणि चालताना माझे वाक्य रचत गेले, कारण मला माहीत होते की आमच्या घरात पहिले वाक्य चुकले तर दुसरे कोणी ऐकत नाही. तरी ते चुकलेच.

"वहिनीला पचनाचा काही आजार नाही," मी म्हटले. "तिच्या गळ्यातली ग्रंथी काम करत नाही. तिला डॉक्टरांकडे न्यायला हवं."

"पुस्तकातलं पुस्तकात ठेव," आई म्हणाली.

आत्या तांदळातले खडे वेचत होती. तिने मानही वर केली नाही. "गळ्याचे रोग घाटावर, डोंगरात. समुद्राकाठी नाही होत. बांगडा खातो आपण. मीठ खातो. भाट्याच्या किनाऱ्याला जन्मल्यापासून कोणाचा गळा वाढलेला बघितलास काय गो?"

हे खोडून काढणे सोपे नव्हते, कारण त्यात अर्धे सत्य होते. आयोडीन आमच्या हवेत, मिठात, माशांत होते. त्याची ददात नव्हती. पण घरात तांदूळ असून चूल पेटली नाही तर पेज होत नाही. वहिनीची चूलच विझत आली होती. मी हे म्हटले तेव्हा आत्या हसली. "मग पेटव की. आळशाची चूल कोणी पेटवावी?"

त्या रात्री मला संताप अनावर झाला, आणि त्या संतापाचे मी आजही आभार मानते. सकाळी मी औषधांच्या डब्यातून आयोडीनची बाटली घेतली, जखमेवर लावायची. दुपारच्या पेजेचे वरचे पाणी गाळून घेतले, त्यात साधे पाणी घालून ते पातळ केले आणि स्वयंपाकघरातल्या तीन वाट्यांत ओतले. वाट्या पितळेच्या, कल्हईच्या, आईच्या माहेरच्या. पडवीच्या कडेला, जिथे ऊन अर्धे आत येते, तिथे त्या मांडल्या आणि वहिनीला हाक मारली.

"थुंक यात."

वहिनी गोधडीत गुंडाळलेली, माझ्याकडे पाहतच राहिली. आमच्या घरात उष्ट्याचे नियम फार कडक होते. कोणी चाखलेला चमचा भांड्यात परत जात नसे. पाण्याचा तांब्या ओठांना लागत नसे, पाणी वरून ओतून प्यायचे. थुंकीने विटाळलेली वाटी राखेने, मग चिंचेने, मग पुन्हा राखेने घासली तरी आत्याच्या डोळ्यांत ती वर्षभर विटाळलेलीच राही.

"वन्सं, आत्याबाई जीव घेतील."

"माझा घेतील. तू थुंक."

वहिनी थुंकली. मी काडीने ढवळले. एवढ्यात आत्या आणि आई दोघीही तिथे आल्या, आत्या ओरडत आणि आई पदराला हात पुसत.

"वाटीत? माझ्या भावाच्या घरात, वाटीत?"

"आत्या, तू या दुसऱ्या वाटीत थुंक," मी म्हटले. मी आवाज खाली जाऊ दिला नाही. "वहिनीचं पचन बिघडलंय ना? तुझं चांगलं आहे. दोन्ही ताडून बघू."

"मी थुंकू? मी? अगो, शरम वाटते काय तुला? चार बुकं शिकलीस आणि थुंकायला शिकलीस?"

मग अशी गोष्ट घडली, जिची मी कल्पना केली नव्हती. आई खाली बसली. तिने दुसरी वाटी स्वतःकडे ओढली, पदर तोंडापुढे धरला, आणि त्या पदराआड, तिच्या आईने दिलेल्या त्या वाटीत, ती थुंकली. "ढवळ," ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

आम्ही थांबलो. ऊन वाट्यांवरून सरकत होते. कल्हईवर त्याचे पांढरे कवडसे हलत होते, आणि पेजेचा कोमट, दुधट वास पडवीभर होता. आत्या खांबाला टेकून उभी होती. निघून गेली नाही, हे विशेष.

मी पहिल्या वाटीत, जिच्यात काहीच मिसळले नव्हते, आयोडीनचा थेंब टाकला. पेज निळी झाली. निळी म्हणजे काळपट निळी, समुद्र ढगाखाली असावा तशी. आत्याच्या तोंडून नकळत "बाय" निघाले. मग आईच्या वाटीत थेंब टाकला. पिवळट डाग पसरला, विरला, निळे काही झाले नाही. मग वहिनीच्या. तिथेही तसेच. तोच फिका पिवळा, तसाच विरलेला. दोन वाट्यांत फरक सांगता येईना.

"म्हणजे काय?" आईने विचारले.

"म्हणजे तुझ्या लाळेनं जसं पेजेचं पीठ तोडलं, तसंच वहिनीच्या लाळेनं तोडलं. विकर तिच्यात आहे. बाटलीतून आपण तिला जे पाजतोय, त्याच जातीचं तिच्या अंगात आधीच आहे आणि काम करतंय. जे नाही ते वेगळं. ते पोटात काम करत नाही, रक्तातून फिरतं. ते बाटलीत नाही."

एका वाटीवरून अख्ख्या शरीराचे प्रमाण देता येत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. लाळ म्हणजे जठर नव्हे. पण आत्यापाशी तर एक वाटीही नव्हती, नुसती बाटली होती, आणि तेवढ्यावर ती एका बाईला घराबाहेर काढायला निघाली होती.

"थुंकी चांगली निघाली म्हणून काय झालं?" आत्या म्हणाली. "झोपायची काय थांबणार आहे?"

तेव्हा वहिनी बोलली. कित्येक महिन्यांत तिने सलग इतके शब्द उच्चारले नव्हते. प्रत्येक शब्द तिला ओझ्यासारखा उचलावा लागत होता. "मी डाक्टरकडं जाणार. न्यायचं तर न्या, नाय तर मी एकटी जाईन. आणि माहेरी जायचं का नाय, ते परत आल्यावर मी सांगेन. तुम्ही नाय सांगायचं."

ती उठली, आत गेली, फळीवरची बाटली घेऊन आली, आणि परसातल्या केळीच्या बुंध्याशी पूर्ण उपडी केली. केळीला बडीशेपेचा वास येऊ लागला. रिकामी बाटली तिने धुतली आणि खोबरेल भरायला ठेवली. तिला हे सगळे करायला इतका वेळ लागला की रागाच्या भरात केले असे म्हणता येऊ नये.

डॉक्टरीणबाईंकडे आई स्वतः घेऊन गेली. मी मागे होते. बाईंनी वहिनीला खुर्चीवर गुडघे टेकून बसवले आणि लोंबत्या पायाच्या टाचेमागच्या शिरेवर रबरी हातोडी हलकेच मारली. पाऊल झटक्याने मागे गेले. आणि परत येताना ते जणू मध्येच विचार करू लागले. सावकाश, आळसावल्यासारखे, गुरू अक्षरावर गाणारीने श्वास संपेपर्यंत थांबावे तसे, ते आपल्या जागी आले. मी मनात मात्रा मोजत होते. डॉक्टरीणबाईंनी आईच्या टाचेवरही हातोडी मारून दाखवली. ते पाऊल लगेच परतले.

"हे सोंग करता येत नाही," त्या आईला म्हणाल्या.

हे एक वाक्य आईने घरी आल्यावर आत्याला, वडिलांना, शेजारणीला आणि शिमग्याला आलेल्या दादालाही ऐकवले. रक्त तपासायला मुंबईला गेले. उत्तर आले तेच. गोळ्या आल्या. पांढऱ्या, मुगापेक्षा थोड्या मोठ्या, आणि त्यातले खरे औषध तर डोळ्यांना दिसणार नाही इतके. आत्याने ती पुडी हातात धरून वजन केल्यासारखे केले. "एवढीशी? एवढ्या अंगाला?"

शिमग्याची पालखी आमच्या अंगणात नाचून गेली त्या दिवशी वहिनी अजून सुजलेलीच होती. दादा आत्याचे ऐकून गोंधळलेला. आईने त्याच्या ताटात वाढता वाढता सांगितले, "ती कुठे जात नाही. तुला जायचं तर तू जा मुंबईला." दादा गेला. जाताना वहिनीशी काय बोलला ठाऊक नाही, पण एस्टीपर्यंत पिशवी तिनेच धरली होती.

वैशाखात आमच्याकडे आंबे गवताच्या आढीत रचतात आणि एक नासला तर बाकीच्यांना लागू नये म्हणून कोणीतरी रोज वास घेत फिरते. ते काम आत्याचे. एका सकाळी वहिनी दारातूनच म्हणाली, "आत्याबाई, भिंतीकडल्या बाजूला एक नासलाय." आत्याने गवत उचकले. होता. काळा, पाणी सुटलेला. वहिनीच्या अंगावर गोधडी नव्हती, तिने पदराने कपाळ पुसले आणि म्हणाली, "काय उकडतंय!"

आत्याने तो नासका आंबा बाहेर टाकला. हात धुतले. मग, तिच्या परीने मायेनेच, म्हणाली, "झालीस बरी. आता ती गोळी पुरे कर. औषधाची सवय वाईट."

मी तोंड उघडणार होते. विकर काम करून उरते, संप्रेरक उरत नाही, ते रोज नव्याने यावे लागते, वहिनीच्या गळ्यात ते आता तयार होणार नाही, हे सगळे माझ्या जिभेवर होते. पण वहिनी फळीकडे गेली होती. मिठाच्या बरणीशेजारी, जिथे ती तपकिरी बाटली असायची, तिथून तिने पुडी काढली.

"नाय," ती म्हणाली. "डाक्टरीणबाई म्हणाल्या, जन्मभर."

"जन्मभर औषध खाणारी सून!" आत्याने कपाळाला हात लावला.

"जन्मभर जेवते पण मी, आत्याबाई. त्याचं नाय कोण काय बोलत."

आणि जिथे पूर्वी तिला चमचा पाजला जाई, नेमके तिथेच, चुलीसमोर, सगळ्यांच्या देखत उभी राहून तिने गोळी जिभेवर ठेवली, तांब्या उंच धरला आणि वरून पाणी ओतले. ते तिच्या घशातून उतरताना मी ऐकले. मग ती कांडायला बसली, आणि मी, कोणाला दिसू नये म्हणून हात पाठीमागे धरून, पेरांवर मोजू लागले.